सात वर्षांत वसूल

"सात वर्षांत पैसे वसूल," सोलर पॅनेलवाला म्हणाला. "पुढं वीज जवळजवळ फुकटच."

चहाचे कप उचलता उचलता तिनं नवऱ्याकडे पाहिलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस साधी छत्रीही दहा दुकानं पालथी घातल्याशिवाय घेत नसे. आज मात्र घासाघीस नाही, काही नाही. सरळ ठेव मोडायला निघाला होता.

"अहो, या वयात सात वर्षं कोण मोजत बसणार?" ती म्हणाली. "बिल काही आपल्याला जड नाही."

"तुला उकाडा सोसत नाही, आणि बिलाच्या धाकानं एसी बंद करून बसतेस. आता खुशाल लाव."

गेल्या महिन्यात बहिणीकडे जाते असं सांगून ती एकटीच मोठ्या दवाखान्यात जाऊन आली होती. पोटातली गाठ साधी नव्हती. सात वर्षं लांबच राहिली, डॉक्टर एका वर्षाबद्दलही बोलायला तयार नव्हते.

त्याला तिनं यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. सांगणार कुठल्या तोंडानं? हल्ली त्यानं वजन उतरवायचं मनावर घेतलं होतं. सकाळी फिरायला म्हणून जायचा तो उन्हं वर आल्यावर परतायचा, जेवणही निम्म्यावर आणलेलं. "ढेरी गेली की नाही बघ," म्हणून हसायचा. ते हसू तिला मोडवेना.

मग तिच्या मनात आलं, आपण नसू, पण हा असेल. एकट्याच्या घरात निदान पंखा-दिवा तरी बिनघोर चालेल.

"बसवा," ती म्हणाली.

नवऱ्याचा चेहरा असा काही खुलला, की तिला मान फिरवावी लागली.

आठवड्याभरात पॅनेल गच्चीवर चढली. तो फिरायला गेलेला असताना पॅनेलवाल्यानं तिला वर बोलावलं. धूळ कशी पुसायची, मीटर कसा वाचायचा, बिघाड झाला तर फोन कुणाला करायचा, सगळं दोनदोनदा समजावू लागला.

"अरे, मला काय करायचंय हे शिकून?" ती हसली. "काकांना सांग. पुढं तेच बघणार."

"छे हो, काकू. काकांनीच बजावलंय, सगळं तुम्हालाच नीट शिकवायचं. पुढच्या उन्हाळ्यात ते इथं नसणार म्हणाले." त्यानं हातातलं फडकं झटकलं. "कुठं लांब निघालेत का काका?"