बारा पूर्णांक एक

मास्तरांनी पिन पुन्हा बाहेर काढली आणि पुन्हा आत सारली. संगणकाच्या पडद्यावर सगळंच सोपं असतं. पिनीला तेल लागत नाही आणि कोणाचं बोट मध्ये सापडत नाही.

मॉडेल त्यांचं नव्हतं, त्यांच्या शिष्येचं होतं. व्हीलचेअरच्या पायपट्टीचं बिजागर. एक ब्रॅकेट, त्याचे दोन कान, त्यांच्यामध्ये बसणारा दांडा आणि तिन्हींतून आरपार जाणारी बारा मिलिमीटरची पिन. संध्याकाळी निघताना ती म्हणाली होती, "मास्तर, वर्कशॉपला पाठवायच्या आधी एकदा नजर घालाल? तुम्ही बघितलंत की मी निर्धास्त." आणि पर्स उचलून ती घरी गेली होती.

ऑफिसात सगळेच त्यांना मास्तर म्हणत. ड्रॉइंग बोर्ड गेले आणि संगणक आले, तेव्हा हे सॉफ्टवेअर सगळ्यांना त्यांनीच शिकवलं होतं. नंतर आलेल्या हिलाही. पहिला भाग पक्का रोव, दुसऱ्याचं भोक त्याच्या भोकाच्या रेषेत आण, मग पिन घाल. घाई केलीस तर सगळं हवेत तरंगत बसेल. चार वर्षांत ती त्यांच्या पुढे गेली. मास्तरांना तिचं कौतुक वाटे आणि पोटातही दुखे. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे त्यांना या वयात कळत होतं.

विभागप्रमुख निवृत्त होणार होते. खुर्ची एक आणि माणसं दोन. सोमवारी बिजागराचा नमुना बघू आणि मग ठरवू, असं कंपनीच्या साहेबांनी उघडच सांगितलं होतं. मास्तरांना त्रेपन्नावं लागलं होतं, ही संधी हुकली की पुढची नव्हती. घरी बायकोने तर बातमी पक्की धरून माहेरी कळवूनही टाकली होती. मेहुण्याचा अभिनंदनाचा फोन दोनदा येऊन गेला होता.

मास्तरांनी तिचं काम बारकाईने पाहिलं. नाव ठेवायला जागा नव्हती. पिन बारा, भोक साडेबारा. अर्धा मिलिमीटर मोकळा का सोडला, हे त्यांना विचारायची गरज नव्हती, कारण ते त्यांनीच शिकवलं होतं. ब्रॅकेटवर पावडरचा रंग बसतो, तो भोकाच्या आतही चढतो आणि भोक लहान होतं. पडद्याला रंग ठाऊक नसतो, तो डिझायनरला ठाऊक असावा लागतो.

त्यांनी मापावर दोनदा क्लिक केलं. बारा पूर्णांक पाच खोडलं आणि बारा पूर्णांक एक लिहिलं. तिन्ही भोकं तिने एकाच मापाला बांधली होती, त्यामुळे तिन्ही एकदम आवळली. पडद्यावर पाहणाऱ्याला काहीही कळलं नसतं. पिन तशीच फिरत होती. भाग एकमेकांत घुसतात का, याची तपासणी त्यांनी करून पाहिली, तीही स्वच्छ आली. रंग चढल्यावर मात्र पिन आत जाणार नव्हती. भर मीटिंगमध्ये साहेबांना हातोडी मागवावी लागणार होती.

मास्तरांना स्वतःची लाज वाटली. चांगली दोन मिनिटं वाटली. मग त्यांनी फाइल सेव्ह केली. कोणी कधी काय बदललं याची नोंद सॉफ्टवेअर ठेवतं, पण ती यादी उघडायच्या भानगडीत कोणी पडत नसे. कोणी विचारलंच तर 'तिनेच नजर घालायला सांगितलं होतं' हे उत्तर तयार होतं. सकाळी त्यांनी तिला "ठीक आहे, पाठव," एवढंच सांगितलं आणि ड्रॉइंग नव्या मापासह वर्कशॉपला गेलं.

सोमवारी रंगखात्यातले काका नमुना स्वतः घेऊन वर आले. काळे चकचकीत सुटे भाग त्यांनी टेबलावर जुन्या वर्तमानपत्रावर मांडले. ती समोर बसली होती. मास्तरांनी तिच्याकडे बघायचं टाळून पाण्याचा ग्लास उचलला.

काकांनी भोकांतून तीन रबरी बुचं उपटली आणि खिशात टाकली.

"ही कशाला, ते सांगा," साहेब म्हणाले.

"भोकात रंग जाऊ नये म्हणून. रंग भाजायची नवी भट्टी आल्यापासून सगळ्याच भोकांना लावतो," काका म्हणाले. "इतकी वर्षं खाली येऊन कोणी विचारलंच नाही. वरून आपली साडेबाराची ड्रॉइंगं येतात, पायपट्टी खुळखुळते आणि गिऱ्हाईक आमच्या नावाने ओरडतं. या वेळी पहिल्यांदा माप बरोबर आलंय."

पिन बोटाच्या दाबाने आत गेली. साहेबांनी दांडा वर केला, खाली केला, हलवून पाहिला. कुठे अडकणं नाही, कुठे खडखड नाही.

मास्तरांनी ग्लास खाली ठेवला. तिला तोंडघशी पाडायला गेले आणि स्वतःच्या हाताने तिला खुर्चीत बसवून आले. आता मेहुण्याला काय सांगायचं, याची ते मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागले. शेवटी रीत म्हणून ते तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "अभिनंदन." आवाज बऱ्यापैकी निघाला.

"थांबा," साहेब म्हणाले. "सकाळपर्यंत माझ्या कागदावर हिचंच नाव होतं. पण आठ वाजता ही माझ्या दारात उभी. माप बदललेलं दिसलं म्हणून हिने नोंद उघडून बघितली, काकांना जाऊन भेटली आणि मला म्हणाली, खुर्ची मास्तरांची आहे. उद्यापासून विभाग तुम्ही सांभाळायचा."

ती उठून त्यांच्याजवळ आली. तिचे डोळे भरले होते.

"माझी चूक दुरुस्त केलीत आणि कोणाला एका शब्दाने बोलला नाहीत," ती म्हणाली. "चारचौघांत माझी लाज राखलीत, मास्तर."