डायनोसॉर चाच्यांचं शेवटचं पान

"तिला सांगा, कप्तानाच्या हातात दुर्बीण शोभत नाही," कविराज फोनवर म्हणाले. "हात केवढुसे! डोळ्यापर्यंत पोचणार कसे?"

संपादिकेनं पेन खाली ठेवलं. "सर, तो डायनोसॉर आहे. वर समुद्री चाचा आहे. थोडं चालवून घेऊ या की."

"थाप मारावी, पण हात पोचेल एवढीच," कविराज पुटपुटले. ते नेहमी पुटपुटतच बोलत, भिंतीला कान असल्यासारखे. "आणि तिला सांगा, दिव्याखाली रंगवत बसू नये. डोळ्यांची वाट लागते."

"सांगते," संपादिका म्हणाली आणि फक्त दुर्बिणीचं टिपून घेतलं.

प्रकाशनाचा जुना रिवाज होता. पुस्तक छापायला जाईपर्यंत लेखक आणि चित्रकार यांची गाठ घालायची नाही. समोरासमोर आले की मोठी माणसं लहान मुलांसारखी भांडतात, असा प्रकाशकांचा अनुभव. मधली सांडणीस्वार म्हणजे संपादिका. निरोप न्यायचे, पण काटे काढून.

खरं तर चित्रकार कविराजांनीच सुचवली होती. "टिंबकडून करून घ्या. मात्र मी म्हटलं असं सांगू नका." टिंब हे टोपणनाव, चित्राच्या कोपऱ्यात सहीऐवजी ती एक ठिपका देई. कवितेखालचं नाव तिनं फोनवर दोनदा विचारून घेतलं होतं. मग म्हणाली, "करते." मोठ्या नावाचं दडपण आलं असेल, असं संपादिकेला वाटलं.

कविता मात्र झकास होती:

*डायनो-चाचे निघाले हो, शिडात भरला वारा,*
*शेपटीने सुकाणू वळवी कप्तान दातपसारा!*

प्रकाशकांनी ती मोठ्यानं वाचली, तेव्हा हिशेबनीससुद्धा टेबलावर ठेका धरून बसला होता. पडून राहिलेल्या गठ्ठ्यातून ती संपादिकेनं ओढून काढली होती. संपादिका म्हणून तिचं हे पहिलंच पुस्तक.

"हात पुरत नाही?" टिंब फोनवर हसली. "थांब, गच्चीवर जाते." जिन्यावर पावलं वाजली. "हां, बोल. मग दुर्बीण त्याचं पिल्लू धरेल. बापाच्या डोळ्याला. चालेल?"

"फारच छान!"

"आणि तुझ्या कविराजांना सांग, चित्रं खिडकीशी बसून बघा म्हणावं. अंधाऱ्या कोपऱ्यात मोरपंखीसुद्धा काळाच दिसतो."

संपादिकेनं पिल्लाचं तेवढं कळवलं. टोमण्याला टोमणा कशाला?

गाडं अडलं ते शेवटच्या पानावर. तिथं पिल्लू मोठं होतं आणि कप्तान त्याला निरोप देतो:

*लूट वाटली, रात्र दाटली, मिटले सगळे जबडे,*
*दोन दिशांना दोन जहाजं, सांभाळून जा गडे!*

टिंबनं काढलं होतं एकच जहाज.

"कवितेत दोन आहेत," कविराज म्हणाले. "तिला मोजता येत नाही का?"

"एकच राहील," टिंब म्हणाली.

प्रकाशकांनी चष्म्यावरून पाहिलं. "शुक्रवारी छपाई. जमत नसेल तर मी दुसरं पुस्तक लावतो. चाचे बुडाले तर बुडू देत."

संपादिकेनं पुन्हा टिंबला फोन लावला. "अगं, मागं लांब एक होडकं काढ ना. पुसट. बोटानं झाकलं तर झाकेल एवढं."

"नाही."

"माझं पुस्तक जाईल गं."

"त्यांना विचार," टिंब म्हणाली, "दुसरं जहाज मागितलंय कुणी? आणि हे जसंच्या तसं विचार. साखरेत घोळवू नकोस."

संपादिका इतकी कावली होती की तिनं तसंच विचारलं.

कविराजांनी विचारलं, "असंच म्हणाली?"

"शब्द न् शब्द. आणि चित्रं खिडकीशी बसून बघा, असंही म्हणाली होती. ते मी गाळलं होतं."

"गाळलं?" कविराजांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "संपादकबाई, तुम्ही आणखी काय काय गाळलंत?"

"तुमचंही गाळलं सर. ते दिव्याखाली रंगवू नये वगैरे. उगाच तिला लागायचं."

पलीकडे खिडकी करकरत उघडल्याचा आवाज आला.

"उद्या येतो," ते म्हणाले. "तिलाही बोलवा. तुमचा रिवाज राहू द्या बाजूला."

सकाळी संपादिकेनं टेबलावरचा दगडी पेपरवेट उचलून खणात टाकला. न जाणो.

दोघं एकदमच दारात आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. दोन खुर्च्यांवर बसले आणि दोघांनीही संपादिकेकडेच पाहिलं. कविराजांनी खिशातून कागदाचा कपटा काढून तिच्यापुढे सरकवला.

"हिला वाचून दाखवा."

संपादिकेनं वाचलं:

*लूट वाटली, रात्र दाटली, मिटले सगळे जबडे,*
*एक जहाज नि दोन सुकाणू, भांडत जाऊ गडे!*

टिंबनं चित्र पुढ्यात ओढलं, पेन्सिल काढली आणि जहाजाला दुसरं सुकाणू जोडलं. सुकाणू केव्हाच पुरं झालं, तरी तिनं मान वर केली नाही.

"यांना सांग," ती म्हणाली, "हे बरं आहे."

"अहो, आता तरी एकमेकांशी बोला!" संपादिका हसू लागली. "हातभर अंतरावर बसलाय! माणसांची ओळख व्हायला याहून जवळ काय यायचं असतं?"

प्रकाशक आले, त्यांनी पान पाहिलं आणि कोपऱ्यात सही ठोकली. चाचे वाचले. संपादिकेनं हुश्श केलं.

कविराज जायला उठले. त्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला, मग कोटाचा, मग पुन्हा सदऱ्याचा. घसा खाकरून ते संपादिकेकडे वळले.

"तेवढं विचारा माझ्या लेकीला," ते म्हणाले, "घराची किल्ली तिनं घेतलीय ना? निघताना दार मी ओढून घेतलंय."