तळपाय

बाटली लिडियानंच फोडली. कपाटामागं हात घालून ओढून काढली आणि नवऱ्याच्या, येशुदासच्या डोळ्यांदेखत शहाबादी फरशीवर आपटली. दौंडच्या त्या रेल्वे क्वार्टरमध्ये देशीचा भपकारा सुटला. भर दुपार होती, दार उघडं होतं. कोण ऐकतंय, कोण बघतंय, याची तिला आज फिकीर नव्हती.

येशुदास कॉटवरून उठला. अनवाणीच.

"अवो, काच हाय! चप्पल घाला आधी!"

दारूनं त्याच्या पायांच्या नसा कधीच मारून टाकल्या होत्या. घोट्याखाली काही कळायचं नाही. गेल्या हिवाळ्यात शेकोटीतल्या निखाऱ्यावर पाय पडला, तेव्हा जळका वास आल्यावर त्याला समजलं. पायाची करंगळी कापावी लागली. तेव्हापासून लिडिया रोज त्याचे पाय मांडीवर घेऊन धुवायची, उलटेसुलटे करून बघायची. पुन्हा प्यालात तर पाय जातील, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं.

"मला शिकवतीस व्हय?"

काचा तुडवत तो आला. एरवी पाऊल कुठं पडतंय हे त्याला बघूनच चालावं लागायचं. आत्ता नजर तिच्या तोंडावर होती. पहिल्याच फटक्यात लिडिया भिंतीवर आदळली. दुसरा कानावर बसला. तिनं तोंड झाकलं, तसं त्यानं केस धरून तिला खाली पाडलं आणि लाथ घातली.

मांडीत सुरी शिरल्यासारखं झालं. ती किंचाळली. दुसरी लाथ बसली, पुन्हा तेच. मग तिला दिसलं. त्याच्या तळपायात बाटलीचा तुकडा रुतला होता. त्याचं टोक तिला लागत होतं.

"पाय! तुमचा पाय बघा!"

तो थांबला, पण फरशीवरचं रक्त बघून. त्याचा चेहराच उतरला.

"लई लागलं का गं?"

असं त्यानं कधी विचारलं नव्हतं. लिडियानं साडी सरकवून मांडी दाखवली. दोन बारीक चिरा होत्या.

"माझं एवढंच. बाकी समदं तुमचं हाय."

कॉटपासून तिच्यापर्यंत रक्ताची पावलं उमटली होती. येशुदास भिंतीला टेकून खाली बसला.

"दुखत तर न्हाई," तो पायाकडं बघत म्हणाला. पाय दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

लिडियाचा कान गुंई करत होता. ओठ फुटला होता. तरी ती सरपटत गेली. पाय मांडीवर घेतला, पदराचं टोक बोटांना गुंडाळलं आणि काच उपसली. रक्ताची धार लागली. तिनं पदर दाबून धरला.

"टाके घालाय लागतील. रिक्षा बघते. हितंच बसा."

तिनं वर पाहिलं.

फरशीच्या खोलगटात साठलेली दारू येशुदास तळहातानं निपटून घेत होता. काचांमधून हात फिरवायचा, तोंडाशी न्यायचा आणि चाटायचा. रक्तासकट.

लिडियानं पदर सोडला. पाय मांडीवरून ढकलून दिला. तो दाणकन काचांवर आपटला.

येशुदासनं मानही वर केली नाही.