पिवळा बजी

नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला मृणालिनीनं गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवलं आणि त्यानं हौसेनं पाळलेल्या दोन बजी पक्ष्यांचा पिंजराही वर आणला.

“सोडा वहिनी,” नणंद म्हणाली. “जीव मोकळे होतील, दादाला पुण्य लागेल.”

पिवळा बजी टाकीवर जाऊन बसला. जन्म पिंजऱ्यात गेलेला. पानाभोवती जमलेले कावळे पाहूनही तो हलला नाही. त्यांतल्या एकानं झडप घातली. मृणालिनी टाकीपाशी पोचेपर्यंत सारं संपलं होतं.

“जाऊ द्या वहिनी, असले पक्षी बाजारात ढिगानं मिळतात.”

“पेपर वाचताना यांच्या चष्म्यावर बसणारा नाही मिळायचा, वन्सं.”

निळा आत दांडीवर आक्रसून बसला होता. मृणालिनीनं पिंजऱ्याचं दार लावलं.

“पिवळाही बाहेर यायला तयार नव्हता,” ती म्हणाली. “मीच हात घालून काढला त्याला.”