ग्रुपवर टाका

ताईने घाईघाईत बोट दाबलं आणि मग नीट वाचलं. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ऐवजी ‘डिलीट फॉर मी’ दाबलं गेलं होतं. मेसेज तिच्या एकटीच्या फोनवरून पुसला गेला. बाकी अख्ख्या कोल्ड स्टोरेजच्या फोनांवर तो ठाण मांडून बसला.

मेसेज होता धाकट्या बहिणीला. ‘आमच्या खडूस साहेबाचं तोंड एक दिवस तरी दिसलं नाही ना, तर सुखाने जेवेन.’ बहिणीच्या नावाखालीच कामाचा ग्रुप होता. बोट घसरलं, एवढंच! पण नवऱ्याचं काम सुटलेलं, घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललेलं. आणि नुसतं उलट बोलला म्हणून साहेबाने मागे एका ड्रायव्हरला उभ्या उभ्या घरी पाठवलेलं.

ग्रुपही साहेबाचाच. “आरडाओरडा नको, भिंतींवर कागद नकोत, माझ्या डोक्याशी येऊन उभं राहायचं नाही. काय असेल ते ग्रुपवर टाका,” असा त्याचा हुकूम. पॅकिंगच्या हॉलची जबाबदारी ताईवर, त्यामुळे ती इमानाने टाकायची. आज सकाळीही टाकलं होतं. ट्रक उशिरा येतोय. चार नंबरच्या थंड खोलीची आतली कडी निखळलीय, दार आतून उघडत नाही, कुणी आत जाऊ नका. हातमोजे संपत आलेत. आणि त्याखाली आता हे!

ती पाय न वाजवता साहेबाच्या केबिनपाशी गेली. काचेतून डोकावली. खुर्ची रिकामी. खुर्चीवरचं जाकीट नाही. फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला. कपात चहा अर्धा, वर साय धरलेली. चहा अर्धा टाकून उठणारा माणूस तो नव्हे. म्हणजे त्याने वाचलं. वाचलं आणि तसाच उठून मालकाकडे गेला. फोनसुद्धा विसरला, म्हणजे केवढा भडकला असेल!

कोणी बघत नाहीसं पाहून ती आत शिरली. त्याचा फोन उचलला. फोनला कुलूप. तिने तो चटका बसल्यासारखा खाली ठेवला आणि बाहेर आली. भिंतीपलीकडून ठकठक येत होती. कॉम्प्रेसर जुना झाला होता, कधीमधी असाच वाजायचा. आज त्या आवाजानेही ती दचकली.

हॉलमध्ये बायका खाली माना घालून पिशव्या बंद करत होत्या. कुणी तिच्याकडे बघितलं की तिला वाटे, हिला कळलंय. नाही बघितलं की वाटे, कळलंय म्हणूनच बघत नाही. कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. ताई तडक वजनकाट्यावरच्या मावशीजवळ आली.

“मावशी, माझं काही खरं नाही आता. आजच घरी पाठवतील मला.”

“अगं बाई, चेहरा केवढा पांढराफटक पडलाय! झालं काय?”

“ग्रुपवर... तुम्ही वाचलं नाही?”

मावशी खो खो हसली. “ग्रुप? तो मी पहिल्याच आठवड्यात म्यूट केलाय. सगळ्यांनीच केलाय गं. साहेबाने तर आधी! परवा माझ्यासमोर म्हणाला, दिवसभर टिंगटिंग, डोकं उठतं नुसतं.”

“साहेबाने?”

“मग काय! हुकूम सोडायला मोकळा, वाचायचं आपण.” मावशीने फोन काढून तिच्यापुढे धरला. न वाचलेल्या मेसेजचा ढीग.

ताई मटकन पोत्यावर बसली. हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. सुटले बाई! साहेबाने वाचलं नाही, मावशीने वाचलं नाही. सकाळपासून कुणी काहीच वाचलेलं नाही.

काहीच नाही.

तिचं हसू जागच्या जागी थिजलं.

“मावशी, साहेब कुठाय?”

“मघाशी जाकीट चढवत चार नंबरकडे गेला की. मटार बघतो म्हणाला, चहा गार व्हायच्या आत येतो.”

भिंतीपलीकडची ठकठक थांबली होती.

ताई धावली. चप्पल कुठे राहिली तिला कळलं नाही. दाराचा जड दांडा दोन्ही हातांनी ओढताना ती नुसतं “देवा, देवा” म्हणत होती. दार उघडलं आणि दाराला टेकून बसलेला साहेब तिच्या पायांवर कोसळला. ओठ निळे, बोटांची पेरं सोललेली. पण छाती हलत होती. मावशीने दिसतील ती पोती त्याच्यावर टाकली. ताई त्याचे हात चोळत राहिली, चोळतच राहिली. किती वेळाने तरी त्याने डोळे उघडले.

“मला... कुणी सांगितलं का नाही?” त्याचे दात वाजत होते.

“सांगितलं होतं, साहेब. सकाळीच. ग्रुपवर.”

साहेबाने मान खाली घातली. या माणसाला मान खाली घालता येते हे दोघी पहिल्यांदाच बघत होत्या. मग त्याने गार पडलेल्या हातांनी ताईचा हात घट्ट धरला.

“ताई, चुकलं माझं. तुमच्यामुळे जीव वाचला.” त्याने मावशीकडे बघितलं. “मावशी, टेबलावरून माझा फोन आणा. आजपासून ग्रुपवरचा एकूण एक मेसेज वाचणार मी. आधी ताईंचे.”