उसने तास

परीक्षा जवळ आली की गणिताचे सर माझे इतिहासाचे तास ढापायचे. "बाई, इतिहास काय, मुलं घरीसुद्धा वाचतील," म्हणत माझ्या हातातला खडू काढून घ्यायचे. दहावीचा शेवटचा धडा दरवर्षी राहूनच जायचा.

सरांच्या निवृत्तीच्या निरोप समारंभाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. सर भाषणाचे कागद मांडीवर घेऊन नटूनथटून बसले होते. मी माइक धरला आणि मुलांना तोच राहिलेला धडा शिकवायला घेतला. मुख्याध्यापकांनी डोळे वटारले, तरी शाळा सुटायची घंटा होईपर्यंत मी थांबले नाही.

मुलं दप्तरं उचलून पळाली. सर माइकसाठी हात पुढे करून उभेच. मी तो बंद केला.



"सर, भाषण काय, मुलं घरीसुद्धा वाचतील."