पुतळ्याचा होकार

नर्सिंगच्या वर्गाला मूल्यशिक्षण बाईच शिकवायच्या. सरावाच्या रबरी पुतळ्याची कूस बदलायची, तरी आधी त्याला विचारायचं, हा त्यांचा दंडक. "समोरच्याच्या मर्जीचा मान राखा. उत्तर आलं नाही, तर तो नकार समजा!" पोरींची हसून हसून मुरकुंडी वळायची. मग पुतळ्याच्या वतीने बाईच "हो" म्हणायच्या.

आता पक्षाघाताने बाईंचं अंग लुळं पडलंय, वाचाही गेलीय. सकाळपासून पाठीची नुसती आग आग होतेय. तेवढ्यात त्यांचीच लाडकी विद्यार्थिनी पडदा सारून आत आली.

"बाई, कूस बदलू का?"

बाईंनी सगळा जीव डोळ्यांत आणला. ती अदबीने बराच वेळ थांबली.



"बरं बाई, नको तर नको," म्हणत तिने हलकेच पडदा ओढून घेतला.